तुमच्या खासदाराचं ‘होय’ कुठे लिहिलंय?

माझ्या गावाच्या फाट्यावर एसटीची शेड आहे. वर पत्रा, तीन बाजूंनी भिंत, बसायला कट्टा. दर्शनी पट्टीवर फूटभर उंचीच्या अक्षरांत खासदारांचं नाव, शेजारी हात जोडलेला फोटो आणि ‘यांच्या स्थानिक विकास निधीतून’ ही ओळ. खाली कोपऱ्यात कामाचं वर्ष आणि मंजूर रक्कम लिहिलेली होती. गेल्या दिवाळीत शेडला रंग दिला. नाव पुन्हा ठळक काढलं, रक्कम आणि वर्ष मात्र रंगाखाली गेलं.

परवा त्या शेडमध्ये गाडीची वाट बघत बसलेल्या आठ-दहा जणांना मी एकच प्रश्न विचारला. या नावाच्या माणसाने गेल्या वर्षभरात दिल्लीत कुठल्या कायद्याला होय म्हटलं आणि कुठल्याला नाही? कुणालाच सांगता आलं नाही. त्यांच्या घरचं लग्न कुठल्या लॉनवर झालं, किती पंगती उठल्या, कोण कोण मंत्री आले, हे सगळं तोंडपाठ होतं. एक निवृत्त मास्तर म्हणाले, “अहो, माणूस दहाव्याला येतो, बाराव्याला येतो. आणखी काय पाहिजे?”

मास्तर, आणखी पुष्कळ पाहिजे. दहाव्याला भाऊबंदही येतात. खासदार आपण कायदे करायला पाठवला. तुमच्या शेतमालाचा बाजार, तुमच्या नातवाचं शिक्षण, तुमच्यावर गुन्हा कुठल्या कलमाखाली नोंदायचा, हे सगळं तो तिथे बसून ठरवतो. तिथे तो काय बोलला आणि कुणाच्या बाजूने उभा राहिला, हे विचारायचा पहिला हक्क या कट्ट्यावर बसलेल्यांचा आहे. पण मास्तरांना तरी किती दोष देणार? मी शोधायला बसलो तेव्हा मलाही त्यातलं थोडकंच सापडलं. उरलेलं कुठे लिहिलेलंच नाही. आजचं सदर त्या कोऱ्या पानाबद्दल आहे.

निवडणूक जवळ आली की खासदारांची प्रगतिपुस्तकं निघतात. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत सहभाग इतक्या वेळा, खासगी विधेयकं इतकी. बहुतेक वेळा हे आकडे ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ या दिल्लीच्या संस्थेने संसदेच्या नोंदींतून काढलेले असतात. संस्थेचं काम चोख आहे. पण तोच आकडा फ्लेक्सवर चढला की त्याला ‘कार्यसम्राट’ चिकटतं आणि गडबड होते.

हजेरी घ्या. लोकसभेत हजेरी म्हणजे वर्षानुवर्षं वहीतली एक सही. सही केली की दिवसाचा भत्ता लागू, आता तो 2500 रुपये आहे. सही करून दहाव्या मिनिटाला बाहेर पडलेला आणि मध्यरात्रीपर्यंत विधेयकाची कलमं वाचत बसलेला, दोघांची हजेरी सारखीच. 2025 च्या पावसाळी अधिवेशनापासून सदस्याला आपल्या आसनावरच्या यंत्रावर हजेरी लावायची सोय झाली, हे चांगलं झालं. निदान सभागृहात शिरावं तरी लागेल. पण किती वेळ बसला, हे अजूनही तो आकडा सांगत नाही. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. मंत्र्यांना आणि विरोधी पक्षनेत्यांना हजेरीच्या वहीत सही करावी लागत नाही, आणि मंत्री प्रश्न विचारत नाही, त्याने उत्तर द्यायचं असतं. म्हणून ‘गडकरींची हजेरी शून्य, प्रश्न शून्य’ असं कुणी व्हॉट्सअॅपवर फिरवलं, तर ते धादांत चुकीचं आहे. आपल्या आवडीच्या माणसाची बाजू घेताना असो की नावडत्याला झोडपताना असो, आकडा नीट वाचला पाहिजे.

आता प्रश्न. प्रश्न विचारण्यात महाराष्ट्राचे खासदार देशात पुढे असतात, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण प्रश्नाप्रश्नांत फरक असतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, त्यावर उपप्रश्न विचारता येतात, मंत्र्याला कोंडीत पकडता येतं. असे प्रश्न लोकसभेच्या दिवसाच्या यादीत 20 असतात. अतारांकित 230 असतात, त्यांची उत्तरं लेखी येतात आणि पटलावर ठेवली जातात. फ्लेक्सवर दोन्हींची बेरीज करून एकच आकडा छापतात. शिवाय एकाच मजकुराचा प्रश्न चार-पाच सदस्यांच्या नावावर एकत्र लागतो आणि प्रत्येकाच्या खात्यात एक-एक जमा होतो. चर्चेचंही तसंच आहे. अर्थसंकल्पावर पाऊण तास मांडणी केलेलं भाषण एक, आणि शून्य प्रहरात मिनिटभर वाचून दाखवलेलं निवेदनही एकच. काही भाषणं तर बोललीच जात नाहीत. ती लेखी पटलावर ठेवतात आणि कामकाजाच्या इतिवृत्तात छापून येतात.

म्हणून मोजण्यापेक्षा वाचा. लोकसभेचे प्रश्न आणि उत्तरं सगळ्यांना खुली आहेत. आपल्या खासदाराचे कुठलेही दहा प्रश्न काढा आणि बघा, त्यांतले किती तुमच्या जिल्ह्याचे आहेत, किती तुमच्या पिकाचे, आणि किती अशा कंपन्यांच्या नि धंद्यांच्या कामाचे आहेत ज्यांचं तुमच्या मतदारसंघात दुकानही नाही. हा शेवटचा मुद्दा मी उगाच काढलेला नाही. डिसेंबर 2005 मध्ये छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं होतं की संसदेत प्रश्न विचारण्यासाठी खासदार पैसे घेतात. 23 डिसेंबर 2005 रोजी संसदेने 11 सदस्यांना घरी पाठवलं, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा. पक्षही एक नव्हता, अनेक होते. त्या अकरांतले दोघे आपल्या एकाच जिल्ह्यातले होते, जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील. हकालपट्टीविरुद्ध दाद मागितली गेली, ती सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2007 मध्ये फेटाळली. प्रश्नांच्या नुसत्या संख्येवर खूश होणाऱ्याने ही तारीख विसरू नये.

एवढं करूनही मूळ प्रश्न राहतोच. मत कुणीकडे दिलं?

सभागृहात कायदा मंजूर होतो कसा, ते बघा. पीठासीन अधिकारी प्रस्ताव मताला टाकतात. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं. दोन्हीकडून आवाज उठतो. अध्यक्ष कानाने ऐकतात आणि जाहीर करतात, होयचं बहुमत, विधेयक संमत. याला आवाजी मतदान म्हणतात. कुणाचा आवाज होता, किती जणांचा होता, कोण गप्प बसला, कोण चहाला गेला होता, यातलं काहीही कागदावर येत नाही. त्यावर कुणी हरकत घेऊन मतविभाजन मागितलं, तर लॉबी रिकामी करतात, साडेतीन मिनिटं घंटा वाजते, दारं बंद होतात आणि प्रत्येक सदस्य हिरवं, लाल किंवा पिवळं बटण दाबतो. होय, नाही, तटस्थ. मग प्रत्येक नावापुढे त्याचं मत कायमचं उमटतं. आपल्या संसदेत बहुसंख्य कायदे पहिल्या पद्धतीने होतात. दुसरी पद्धत घटनादुरुस्तीला बंधनकारक आहे, कारण तिथे दोन तृतीयांशांचं बहुमत मोजून दाखवावं लागतं. एरवी ती मागावी लागते.

याचा अर्थ काय होतो, ते लासलगावच्या बाजार समितीत उभं राहून बघा. तीन कृषी कायदे सप्टेंबर 2020 मध्ये आले. 20 सप्टेंबरला राज्यसभेत विरोधी सदस्य मतविभाजन मागत होते. उपसभापतींनी ते दिलं नाही. गोंधळ झाला आणि त्यांतली दोन विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, त्यांत आपल्या हिंगोलीचे राजीव सातव होते. पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसला. 29 नोव्हेंबर 2021 रोजी तेच कायदे मागे घेतले गेले, तेही चर्चेविना आणि पुन्हा आवाजी मतदानाने. आले आवाजात, गेले आवाजात. महाराष्ट्रातल्या कुठल्या खासदाराने या कायद्यांना होय म्हटलं, मतांची यादी दाखवून कुणालाच सिद्ध करता येत नाही. म्हणून प्रचारात दोन्ही बाजूंचे लोक ‘मी शेतकऱ्याच्या बाजूने होतो’ म्हणून हात वर करतात, आणि त्यांना खोटं पाडायला आपल्या हातात कागद नसतो.

दुसरं उदाहरण तुमच्या गावच्या पोलीस ठाण्यातलं. 1 जुलै 2024 पासून तिथे भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्यासह तीन फौजदारी कायदे लोकसभेने 20 डिसेंबर 2023 रोजी मंजूर केले, आवाजी मतदानाने. त्याच अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून 146 विरोधी सदस्य निलंबित झाले होते. बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि शिरूरचे अमोल कोल्हे त्यांत होते. म्हणजे दीडशे वर्षांचा कायदा बदलताना बारामतीच्या आणि शिरूरच्या मतदाराचा माणूस सभागृहाबाहेर होता, आणि आत बसलेल्यांचं मत कुठे लिहिलेलं नाही. सरकार कुठल्या पक्षाचं आहे, याचा इथे संबंध नाही. उद्या सरकार बदललं आणि त्यांनीही असंच केलं, तरी मी हेच लिहीन.

आणि घाई केवढी! ‘पीआरएस’ने 17 व्या लोकसभेचा हिशेब मांडला आहे. पाच वर्षांत 274 बैठका. 35 टक्के विधेयकं एका तासापेक्षा कमी चर्चेत मंजूर. समितीकडे गेलेली विधेयकं जेमतेम 16 टक्के. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीच्या जागेवरून आपण याहून जास्त वेळ भांडतो.

दिल्ली लांब वाटत असेल, तर मुंबईला या. 12 नोव्हेंबर 2014. देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव. भाजपने निवडणुकीत 122 जागा जिंकल्या होत्या, बहुमताला 145 लागत होत्या. 41 जागांच्या राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती. तिने आणि काँग्रेसने मतदान मागितलं. अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी आवाजी मतदानावर ठराव संमत झाल्याचं जाहीर केलं. विचार करा. सरकार राहणार की जाणार, हा राज्याच्या राजकारणातला सगळ्यात मोठा प्रश्न, आणि राष्ट्रवादीच्या एकेका आमदाराने त्या दिवशी काय केलं याची नोंद महाराष्ट्राच्या विधानसभेत नाही. ज्यांनी मतं मागून निवडणूक लढवली, त्यांनी स्वतःचं मत लिहू दिलं नाही.

आता 4 जुलै 2022 बघा. एकनाथ शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव. या वेळी शिरगणती झाली. एकेका आमदाराने जागेवर उभं राहून आपलं नाव आणि क्रमांक सांगितला. 164 विरुद्ध 99. टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. बंडाच्या वेळी गुवाहाटीला कोण गेलं होतं, कोण परत आलं, कुणाचा आवाज ठाम होता आणि कोण खाली बघत बोलला, हे सुद्धा पाहिलं. आणि हजर नसलेलेही दिसले. अशोक चव्हाण, विजय वडेट्टीवार यांच्यासह काँग्रेसचे काही आमदार उशिरा पोचले, तोवर सभागृहाची दारं बंद झाली होती. मतांची नोंद होते तेव्हा गैरहजेरीचीही नोंद होते, हे त्या दिवशी लख्ख दिसलं. त्या मतांवरून पुढे दोन वर्षं खटले चालले, कुणाचा व्हीप, म्हणजे पक्षादेश, खरा यावर सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 रोजी निकाल दिला. तो निकाल पटो न पटो, त्या भांडणाला पाया होता. नावनिशीवार नोंदलेल्या मतांचा पाया.

आणि अगदी अलीकडचं. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेने 10 जुलै 2025 रोजी आवाजी मतदानाने मंजूर केलं. सभागृहात उभं राहून विरोध नोंदवला तो डहाणूच्या विनोद निकोले यांनी, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या एकट्या आमदाराने. बाहेर आल्यावर मात्र विरोधकांतल्या अनेकांना या कायद्यातले धोके दिसू लागले. मोर्चे निघाले, निवेदनं निघाली. मला हे पटत नाही. कायदा घातक वाटत होता तर तुम्ही आत होता, तुमचे डझनांनी आमदार होते. मतदान मागायला, निदान ‘आमचा विरोध नोंदवून घ्या’ म्हणायला मोर्चा लागत नाही. डहाणूच्या मतदाराला त्याचा आमदार कुठे उभा होता हे माहीत आहे. बाकीच्या विरोधी आमदारांच्या मतदारांनी त्यांना हे तोंडावर विचारलं पाहिजे.

नोंद झाली की वाद सुद्धा प्रामाणिक होतो. 20 सप्टेंबर 2023 रोजी महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत आली. 454 होय, 2 नाही. ते दोन म्हणजे हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी आणि आपल्या औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. मुस्लिम आणि ओबीसी महिलांना वेगळा वाटा नाही, असं कारण त्यांनी दिलं. मला ती भूमिका मान्य नाही. पण 454 च्या विरोधात बसून स्वतःचं नाव लिहू देणं आणि कारण सांगणं, हे लोकप्रतिनिधीचं काम आहे आणि ते त्यांनी केलं. त्यांच्या मतदाराला ते आवडलं असेल किंवा संताप आला असेल. त्याला निदान कशावर संतापायचं हे कळलं.

कुणी म्हणेल, पक्षाचा व्हीप असतो, बिचारा खासदार काय करणार? हे खरं आहे, आणि इथेच मूळ दुखणं आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आणलं. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जातं. आयाराम-गयाराम थांबावेत म्हणून हा कायदा आला. आयाराम-गयाराम किती थांबले ते महाराष्ट्राने 2022 आणि 2023 मध्ये पाहिलं. थांबला तो एकट्या सदस्याचा विवेक. दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच सुचवलं होतं की सदस्यत्व जाण्याची टांगती तलवार विश्वास-अविश्वास ठरावासारख्या प्रसंगांपुरती ठेवा. काँग्रेसचे मनीष तिवारी त्यासाठी एकाहून अधिक वेळा खासगी विधेयक घेऊन उभे राहिले आहेत. अशा खासगी विधेयकांतून आजवर 14 कायदे झाले, शेवटचा 1970 साली. तेव्हा आशा फार नाही.

पण व्हीप मताला लागतो, तोंडाला लागत नाही. आदेशाप्रमाणे बटण दाबून सुद्धा भाषणात ‘या कलमाने माझ्या भागातल्या द्राक्षवाल्याचं नुकसान होईल’ असं सांगता येतं, दुरुस्ती सुचवता येते. कोकणाने राजापूरमधून बॅ. नाथ पै पाठवले, पुढे मधू दंडवते पाठवले. दोघांनीही बरीचशी हयात विरोधी बाकांवर काढली. मोजायला बसलं तर त्यांच्या हाताला मंजूर कायदे फारसे लागणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर नाथ पैंनी संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दल मांडलेलं खासगी विधेयकही मंजूर झालं नाही. पण त्यावर देशभर चर्चा झाली, आणि 1971 च्या 24 व्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार संसदेकडे आला. त्यांची भाषणं आजही इतिवृत्तात वाचता येतात आणि माणूस कुणाच्या बाजूने होता हे पानापानावर कळतं. राजापूरच्या मतदाराकडे तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं, प्रगतिपुस्तकं नव्हती. तरी त्याने निवडलेला माणूस काय बोलतो याला त्याच्या लेखी किंमत होती.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे निदान कागद आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दरांनी खासदाराला महिना 1,24,000 रुपये वेतन, 87,000 रुपये मतदारसंघ भत्ता, 75,000 रुपये कार्यालयीन खर्च मिळतो. वर्षाला 34 विमानप्रवास वेगळे. वेतनाबद्दल माझी तक्रार नाही. चांगलं काम करणाऱ्याला चांगलं वेतन मिळावं, नाहीतर फक्त श्रीमंतच निवडून येतील. माझी तक्रार हिशेबाबद्दल आहे. मतदारसंघ भत्ता दरमहा ठोक मिळतो, पण तो कुठे गेला ते मतदाराला कुणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये मे 2009 मध्ये एका वृत्तपत्राने खासदारांच्या खर्चाची बिलं छापली. लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं, काही खासदार तुरुंगात गेले. मग तिथे स्वतंत्र प्राधिकरण आलं. आज प्रत्येक खासदाराचा खर्च बाबवार प्रसिद्ध होतो. आपल्याकडे का होऊ नये?

आणि तो खासदार निधी. 1993 साली सुरू झाला तेव्हा पाच लाख होता, 2011-12 पासून वर्षाला पाच कोटी आहे. महाराष्ट्रातून लोकसभेचे 48 खासदार, म्हणजे वर्षाला 240 कोटी. यातला एक रुपयाही खासदाराच्या खिशातला नाही आणि त्याच्या खिशात जातही नाही. तो कामाची शिफारस करतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात, काम सरकारी यंत्रणा करते. तेव्हा ‘माझ्या निधीतून’ हे शब्द चुकीचे आहेत. निधी तुमचा. त्याने फक्त जागा दाखवली. कुठली जागा दाखवली, हे मात्र तपासलंच पाहिजे. 15 टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायची असते. तुमच्या तालुक्यात त्या वस्तीवर पेव्हर ब्लॉक पोचले का, की सगळे सभामंडप आणि हायमास्ट कार्यकर्त्यांच्या आळीतच उभे राहिले?

आमच्या फाट्यावरच्या शेडची रक्कम काढायला मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दीडशे शब्दांच्या आत मजकूर, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेच्या नावाने. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सोबत दुसरं एक पत्र साध्या टपालाने खासदारांना गेलं आहे. त्यात तीनच प्रश्न आहेत. गेल्या वर्षभरातल्या कुठल्या विधेयकांच्या मंजुरीच्या वेळी तुम्ही सभागृहात होता? प्रत्येकाला होय म्हणालात की नाही? आणि एकदा तरी मतविभाजन मागितलंत का? तिसरा प्रश्न सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही लागू आहे. मतविभाजन मागायला बहुमत लागत नाही. एक माणूस उठून उभा राहिला तरी सुरुवात होते.

तुम्हीही तुमच्या खासदाराला आणि आमदाराला हे तीन प्रश्न लिहून पाठवा. मास्तरांनी पाठवलं आहे. उत्तर येईल ते या सदरात नावासकट छापेन, आणि महिन्याभरात नाही आलं तर तेही छापेन.